घडीच्या कॅम्परचं छप्पर उचलणारी यंत्रणा बदलायची आहे: तारेचा रोपच ठेवू, की स्क्रू?

मलप्रभाकाठ | ९ सप्टेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी बेळगावातल्या अनगोळचा. आमच्याकडे बोलेरोमागे ओढायचा घडीचा कॅम्पर आहे. चार वर्षांपूर्वी कोल्हापूरकडून जुना घेतला आणि केए २२ वर नोंदवून घेतला. बंद असताना बुटका डबा. छप्पर वर गेलं की चारही बाजूंनी कॅनव्हास ताणला जातो आणि आत माणूस ताठ उभा राहतो.

पुढच्या दांडीवर हातविंच आहे, म्हणजे हँडलने रोप गुंडाळायचं चाक. त्यातून निघालेला जाड रोप फरशीखालच्या एका लोखंडी पट्टीला जोडलाय. पट्टीला चार बारीक रोप, एकेका कोपऱ्याला एक. प्रत्येक रोप कप्पीवरून वळून खांबात शिरतो आणि आतली नळी वर खेचतो. चार वर्षं काही तक्रार नव्हती.

गेल्या पंधरवड्यात जांबोटीच्या पुढे एका ओळखीच्या शेतात मुक्काम केला. दिवसभर पाऊस धरून होता. आई आत बाकावर शेंगा सोलत होती, धाकटी तिला टेकून वहीत रंगवत होती. मी बाहेर स्टोव्ह पेटवत होतो. 'टण्' असा एकच आवाज झाला. वळून बघतो तर मागचा उजवा कोपरा चार बोटं खाली आलेला आणि कॅनव्हासला मोठी सुरकुती पडलेली.

छप्पर त्याच्याही खाली का आलं नाही, तर आईमुळे. आमच्या आजोळी बैलगाडी होती. बैल सोडले की जुवाखाली टेकू लावल्याशिवाय गाडीत पोरांना चढू देत नसत. पहिल्या मुक्कामालाच आई म्हणाली होती, "एवढं वजन डोक्यावर, आणि नुसत्या दोरीवर? टेकू कुठाय?" तेव्हापासून मागच्या दोन कोपऱ्यांत सागवानी दांडकी उभी करायची आमची पद्धत आहे. छप्पर त्या दांडक्यावर येऊन बसलं. पोर रडली नाही, आई घाबरली नाही. मी मात्र ती रात्र झोपलो नाही.

आता सगळी यंत्रणाच बदलायची ठरवलंय. रोप बदलू, की हायड्रॉलिक, की मोटरवाले जॅक, की आणखी काही? ज्यांनी असं काम हाताने केलंय त्यांनी सांगावं. घाई नाही, दिवाळीपर्यंत वेळ आहे.

चंदगडी | ९ सप्टेंबर, रात्री १०:१५

वाचून पोटात गोळा आला. आईंना नमस्कार सांगा.

उद्यमबागचा टर्नर | ९ सप्टेंबर, रात्री १०:४०

यंत्रणा बदलायची ती बदला, खरं आधी तुटलेलं टोक बघा. भिंग घ्या. तारांची टोकं निमुळती झालेली असतील तर भार जास्त झाला, रोप ताणून तुटला. टोकं चपटी, सुरीने कापल्यागत असतील तर वाकून वाकून मेलाय. आणि तुटला कुठं, सरळ भागात की कप्पीवर? कप्पी काढून तिचाही फोटो टाका. तीस वर्षं लेथवर उभा राहायलोय, मोडलेली वस्तू स्वतःच सांगते काय झालं ते.

मलप्रभाकाठ | १० सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

मामा, फोटो टाकलेत. बहुतेक तारा चपट्या तुटल्यात, तीन-चार निमुळत्या आहेत. तुटला तो फरशीच्या कोपऱ्यातल्या कप्पीवर. कप्पी काढायला अर्धा तास गेला, पिनवर गंजून बसली होती. धुतल्यावर दिसलं की खाचेत एकाच बाजूला रोपाच्या पिळाचे ठसे उमटलेत, दोरखंड ओल्या मातीवर दाबल्यासारखे. दुसरी बाजू कोरी. कप्पीचा व्यास २५ मिमी, रोप ३ मिमी.

उद्यमबागचा टर्नर | १० सप्टेंबर, रात्री ८:०५

मग झालं की. कप्पी फिरतच नव्हती. रोप तिच्यावरून घासत जात होता आणि दर खेपेला त्याच जागी वाकत होता. बहुतेक तारा आधीच मेलेल्या, त्या रात्री उरलेल्या तीन-चार तुटल्या. त्यात कप्पी एवढी लहान. बारीक तारांचा नरम रोप, म्हणजे सात पेडांचा आणि पेडात १९ तारा असलेला, धरला तरी कप्पी रोपाच्या अठरा-वीस पट पाहिजे. ३ मिमीला साठ मिमी. तुमची आठ पट आहे. बनवणाऱ्याने जागा वाचवली.

एल्कहार्टजवळ | ११ सप्टेंबर, सकाळी ६:२०

मी मूळचा बेळगावच्या शहापूरचा, आता अमेरिकेत इंडियाना राज्यात असतो. एल्कहार्ट इथून तासाभरावर. कॅम्पर आणि मोटरहोमचे कारखाने ज्या भागात दाटीवाटीने आहेत तो हा भाग. घडीचे कॅम्पर इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत, माझ्याकडचा माझ्या मुलाहून थोरला आहे. म्हणून रोपाची बाजू मांडतो.

इथे ढोबळ दोन तऱ्हा दिसतात. एक तुमच्यासारखी, रोप आणि कप्प्यांची. दुसरीत फरशीखालचा रोप एका लांब, ताठ स्प्रिंगला नळीतून पुढे सरकवतो, आणि ती स्प्रिंग वळण घेऊन खांबात शिरते आणि छप्पर खालून वर ढकलते. दोन्हींत विंच एकच. नीट राखली तर दोन्ही वर्षानुवर्षं चालतात. मी स्वतः एकदा चारही रोप आणि सगळ्या कप्प्या बदलल्या, दोन शनिवार-रविवार लागले.

तीन गोष्टी अनुभवाच्या. पहिली, कॅम्पर आधी समतल करायचा, चाकांना अडसर लावायचा आणि मगच छप्पर उचलायचं. तिरक्या जमिनीवर खांबाच्या नळ्या एकमेकींत घासतात आणि सगळा ताण एकाच रोपावर येतो. दुसरी, विंचच्या आत ब्रेकच्या चकत्या असतात. दातांना ग्रीस लावा, चकत्यांना चुकूनही तेल लागू देऊ नका, नाहीतर छप्पर हातातून सुटेल. तिसरी, छपरापासून कडेने एक बारीक वायर सोडून ठेवा. छप्पर पुरेसं वर गेलं की ती ताठ होते. ती ताठ झाली की हँडल थांबवायचं. इथे रोप तुटतात ते बहुतेक 'अजून थोडं' म्हणून फिरवत राहिल्यामुळे.

टिळकवाडीचे काका | ११ सप्टेंबर, सकाळी ९:००

निवृत्त यांत्रिकी अभियंता आहे. चर्चा चांगली चालली आहे, पण कोणीच वजन विचारलेलं नाही. छपराचं वजन किती? आणि ते चार कोपऱ्यांवर कसं वाटलं गेलंय? त्याशिवाय रोप, स्क्रू, हायड्रॉलिक यावर बोलणं म्हणजे मापाशिवाय कापड फाडणं.

घरी करता येईल असा उपाय सांगतो. प्रत्येक कोपऱ्याखाली छोटा जॅक आणि जॅकखाली घरचा वजनकाटा. चारही कोपरे सारखेच उचलायचे, सुतळी बांधून पाहायचं. एकच कोपरा जास्त उचलला तर कडक छपराचा भार त्याच्यावर सरकतो आणि आकडा खोटा येतो.

मलप्रभाकाठ | १३ सप्टेंबर, रात्री ९:१०

काका, केलं. शेजाऱ्यांकडचे तीन काटे मागून आणले. पुढे डावा २६, उजवा २७. मागे डावा ३८, उजवा ४१. एकूण १३२ किलो. मागे स्टेपनीचा कॅरिअर आहे म्हणून जास्त असणार हे कळत होतं, पण उजवीकडे तीन किलो जास्त का हे कळेना. मग आतून बोटाने ठोकत गेलो. मागच्या उजव्या कडेला आवाज बद्द आला. ॲल्युमिनियमची पट्टी काढली तर आतलं प्लायवूड भिजून केकसारखं झालेलं. दाबलं की पाणी निघत होतं.

म्हणजे जो रोप तुटला त्याच्याच कोपऱ्यात सगळ्यात जास्त वजन, आणि तीच कप्पी गंजलेली. एकाच जागी गळतं, तेच पाणी खांबातून कप्पीवर उतरतं. हे आधी हेरायला हवं होतं.

टिळकवाडीचे काका | १३ सप्टेंबर, रात्री ९:४५

उत्तम निदान. प्लायवूड आधी, यंत्रणा नंतर. आता आकडे बोलतील. ३ मिमीच्या चांगल्या रोपाची तुटण्याची ताकद सुमारे ५०० किलो असते, तुमच्या सर्वांत जड कोपऱ्यावर ४१. बारापट. म्हणजे रोप बारीक होता म्हणून तुटला असं कोणी म्हणू नये. ताकद भरपूर होती, ती झिजवली गेली.

पण तुमच्या आईंनी विचारलेला प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. छप्पर उचलणं हे एक काम. उचललेलं छप्पर रात्रभर धरून ठेवणं हे दुसरं काम. तुमच्या यंत्रणेत दोन्ही कामं त्याच एका रोपाकडे आहेत. उचलण्याचं काम तीन मिनिटांचं, तेव्हा माणूस बाहेर उभा असतो, डोळे वर असतात. धरण्याचं काम बारा तासांचं, आणि तेव्हा खाली माणसं झोपलेली असतात. काहीही बसवा, पण धरण्याचं काम अशा वस्तूकडे द्या जी तुटली तरी छप्पर हलणार नाही.

नवा कॅम्पर | १४ सप्टेंबर, दुपारी १:२०

गॅस स्प्रिंग लावा ना. गाडीच्या डिकीला असतात तसे. चार लावले की काम झालं.

टिळकवाडीचे काका | १४ सप्टेंबर, दुपारी २:००

डिकीला बिजागरी असते म्हणून ते तिथे शोभतात. एका बाजूने उघडणाऱ्या तिरप्या छपराला गॅस स्प्रिंग योग्य आहे. इथे छप्पर चारी बाजूंनी सरळ वर जायचं आहे, बिजागरी नाही. चार स्प्रिंग चार वेगांनी उघडतील आणि नळ्या अडकतील. शिवाय त्यांचा जोर थंडीत कमी होतो आणि वर्षांगणिक गळतो.

चंदगडी | १४ सप्टेंबर, रात्री ८:३०

मग १२ व्होल्टचे चार मोटरजॅक? इंटरनेटवर बरेच जण लावतात.

उद्यमबागचा टर्नर | १४ सप्टेंबर, रात्री ९:१५

चार मोटरा एका चालीत चालत नाहीत भावा. ४१ किलोवाली हळू जाणार, २६वाली पुढे पळणार. त्यांना एका तालात ठेवायला सेन्सर आणि कंट्रोलर पाहिजे, आणि आमगाव-कणकुंबीच्या पावसात तो कंट्रोलर किती दिवस टिकणार ते तुम्हीच ठरवा. हायड्रॉलिक तर बेळगावात घराघरात आहे, सिलिंडर मीच करून देतो. खरं चार सिलिंडरांना तेल सारखं वाटायला वेगळा व्हॉल्व्ह, रात्री खाली बसू नये म्हणून लॉकिंगचा व्हॉल्व्ह, वर पंप. आणि एक सील गेलं की कॅनव्हासवर तेल. एवढ्याशा छपराला नको.

माझं मत सांगू? स्क्रू. ट्रॅपेझॉइडल, म्हणजे तिरक्या कडांच्या जाड आट्यांचा, २० मिमी व्यास, ४ मिमी पिच, म्हणजे एका फेरीला ४ मिमी चढणारा. चार खांबांत चार स्क्रू उभे. खालून चौघांना स्प्रॉकेट, म्हणजे सायकलला असतं तसं दातांचं चाक, आणि चौघांभोवती एकच अर्धा इंची चेन. एक हँडल फिरवलं की चारही सारखेच फिरणार, इलाजच नाही त्यांना. आणि चेन तुटली तरी छप्पर जागचं हलत नाही, कारण असा स्क्रू वजनाने उलटा फिरत नाही. काका म्हणाले ते धरायचं काम आटेच करतात.

टिळकवाडीचे काका | १५ सप्टेंबर, सकाळी ८:४०

अगदी बरोबर. ज्यांना हिशोब हवा त्यांच्यासाठी: या स्क्रूच्या आट्यांचा चढ सुमारे ४ अंश आहे. पोलादी स्क्रू आणि त्यावरचा गनमेटलचा (कांशासारख्या मिश्रधातूचा) नट यांच्यातल्या घर्षणाचा कोन साधारण साडेआठ अंश. चढ घर्षणापेक्षा निम्म्याहून कमी, म्हणून भार आपोआप खाली घसरू शकत नाही. सावलीत वाळत घातलेल्या धान्याची रास जशी एका उतारापर्यंत ढासळत नाही, तसंच. मात्र पिच वाढवून छप्पर लवकर उचलायचा मोह धरू नका. दोन-तीन तोंडांचे, म्हणजे दोन-तीन आटे शेजारी शेजारी कापलेले वेगवान स्क्रू मिळतात, ते वजनाने आपोआप उलटे फिरू शकतात.

मलप्रभाकाठ | १५ सप्टेंबर, रात्री १०:००

दोघांनी एकच सांगितलं म्हणजे माझ्यापुरतं ठरलं. शंका तीन. स्क्रू खालून आधार दिलेला आणि वर मोकळा, ९०० मिमी लांब. वजनाने वाकणार नाही? हँडल किती फेऱ्या मारायचं? आणि वजन किती वाढेल?

टिळकवाडीचे काका | १६ सप्टेंबर, सकाळी ९:३०

आट्यांच्या आतला गाभा १५.५ मिमी. ९०० मिमी उंचीवर दोन्ही टोकं पकडलेली असतील तर तो वाकायला ७०० किलोच्या आसपास भार लागेल. तुमचा ४१. वर नळीच्या आत नायलॉनची चकती बसवा, म्हणजे वरचं टोक मोकळं राहणार नाही. फेऱ्या: ९०० भागिले ४, म्हणजे २२५. जोर मात्र फारच कमी लागतो, म्हणून हँडलच्या बाजूला दुप्पट दातांचं स्प्रॉकेट घ्या. मग ११३ फेऱ्या, आणि हातावर चारेक किलो. वजन स्क्रू, चेन, बेअरिंग धरून पंचवीस-तीस किलो वाढेल. ओढगाडीच्या कागदपत्रांत लिहिलेल्या एकूण वजनात ते बसतं का बघा.

कागदपत्रांवरून आणखी एक. २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली गाडीत असा बदल करता येत नाही की ती बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ मापदंडांहून वेगळी होईल. तुमची बंद अवस्थेतली लांबी, रुंदी, उंची तीच राहते आहे, तरी आरटीओत एकदा विचारून, लेखी घेऊन मग काम करा.

निपाणीची शिलाई | १६ सप्टेंबर, दुपारी ३:१०

मी निपाणीत मंडप आणि ताडपत्रीची शिलाई करते. यंत्राचं मला कळत नाही, कापडाचं कळतं. दादा, रोपवाल्या यंत्रात कापड ताणलं की हँडल जड होतं, हाताला समजतं. तुमच्या स्क्रूला समजणारच नाही. एवढा हलका हात चालत असेल तर तुम्ही फिरवत राहाल आणि शिवण उसवेल, तरी हँडलला पत्ता नाही. म्हणून छप्पर कुठे थांबणार ते आधी पक्कं करा.

आणि सुती कॅनव्हास असेल तर तो पहिल्यांदा भिजला की आटतो. नवीन तुकडा लावणार असाल तर आधी भिजवून, वाळवून मग माप घ्या. कोरड्या मापावर थांबा ठरवलात तर पहिल्याच पावसात कापड कमी पडेल.

एल्कहार्टजवळ | १७ सप्टेंबर, सकाळी ५:५०

ताई, फार मोलाचं बोललात. मी म्हटलं ती बारीक वायर इथे तर हवीच. त्याशिवाय खांबाच्या आत लोखंडी थांबा पण द्या, म्हणजे विसरलं तरी स्क्रू पुढे जाणार नाही.

उद्यमबागचा टर्नर | १७ सप्टेंबर, रात्री ९:००

थांबा देतो. आणि एक माझ्याकडून. मुख्य नट गनमेटलचा, त्याच्याखाली दुसरा नट, दोघांत २ मिमी फट. दुसऱ्यावर काही भार नाही, तो नुसता बरोबर चालतो. मुख्य नटाचे आटे झिजले की तो खाली बसायला लागतो आणि फट कमी होते. बाहेरच्या नळीला एक भोक पाडून रबरी बुच बसवू. छप्पर अर्ध्यावर थांबवलं की नट भोकासमोर येतो. फीलर गेज, म्हणजे मापाची पातळ पत्री, घालून फट मोजायची. १ मिमी राहिली की नट बदलायचा. आणि मुख्य नट फुटलाच तरी खालचा झेलतो.

चंदगडी | १८ सप्टेंबर, सकाळी ७:४५

आमच्या चंदगडच्या वाऱ्याचंही बघा. छप्पर वर आणि चार बारीक खांब, म्हणजे पाय लांब असलेला चौरंग. खाली येणार नाही हे मान्य, पण डुलणार. नळी नळीत किती आत राहते?

मलप्रभाकाठ | १८ सप्टेंबर, रात्री ९:२०

२०० मिमी. तुमचं बरोबर आहे, आत्ताही वारा आला की हलतं. मागच्या आणि उजव्या बाजूला तिरक्या पट्ट्या लावायचं ठरवतोय, छप्पर वर गेलं की खिट्टीने बसणाऱ्या. दरवाजाची बाजू मोकळी ठेवावी लागेल.

मलप्रभाकाठ | २० ऑक्टोबर, रात्री १०:३०

महिनाभर इकडे फिरकलो नाही, कारण रोज संध्याकाळ उद्यमबागेत मामांकडे जात होती. सविस्तर लिहितो, पुढे कोणाला उपयोग होईल.

आरटीओत जाऊन आलो. बाहेरचं माप बदलत नाही आणि वजन नोंदलेल्या मर्यादेत आहे हे दाखवून अर्ज दिला, लेखी उत्तर मिळालं.

आधी छपराचं मागचं प्लायवूड काढलं. हात लावला की थर सुटत होते. दोन फूट कापून नवीन मरीन प्लाय घातलं, कडा इपॉक्सीने बंद केल्या, पट्टीखाली सीलंट. पुन्हा वजन केलं: मागचा उजवा ४१ वरून ३८ वर आला.

जुनी यंत्रणा उतरवताना चारही कप्प्या बघितल्या. चारांपैकी दोन फिरत होत्या, एक अडखळत होती, एक बसलेली. म्हणजे पुढचा रोप कोणता तुटणार तेही ठरलेलंच होतं.

स्क्रूची टोकं मामांनी खाली १५ मिमीला उतरवून दिली, त्यावर ५११०२ नंबरचं थ्रस्ट बेअरिंग. सगळा भार त्या बेअरिंगवर बसतो. त्याखाली फरशीच्या बाहेर १५ दातांचं स्प्रॉकेट. मामा पहिला गनमेटल नट कापत होते तेव्हा मी शेजारी उभा होतो. सोनेरी भुगा पानाच्या चुन्यासारखा बारीक पडत होता. शेवटचा हात देऊन त्यांनी नट स्क्रूवर चढवला, उभा धरला आणि सोडून दिला. नट जागचा हलला नाही. मग बोटाने नुसतं टिचकी मारून फिरवला आणि तो फिरत फिरत खाली उतरला. "बघा," म्हणाले, "फिरवलं तर लोण्यागत, नाही फिरवलं तर दगड." तिथेच माझ्या मनातली जांबोटीची ती रात्र थोडी कमी झाली.

चेन साडेआठ मीटरच्या आसपास लागली. आडवी असल्यामुळे मधे लोंबते, म्हणून दर अर्ध्या मीटरवर नायलॉनची पट्टी दिली. चेनखाली पातळ पत्र्याचं झाकण, चिखलासाठी. ताण द्यायला एक सरकणारं स्प्रॉकेट. छप्पर समतल करायला मामांनी छान युक्ती केली: ज्या कोपऱ्यात फरक असेल तिथली चेन उचलून स्प्रॉकेट एक दात फिरवायचं. पंधरा दात आणि ४ मिमी पिच, म्हणजे एका दाताला पाव मिमीच्या थोडं वर. चार तासांत छप्पर पाण्याच्या लेव्हलला आलं.

एक चूक झाली ती सांगतो. पहिल्यांदा बसवताना एका खांबात वरची नायलॉनची चकती जरा घट्ट बसली होती. जमिनीवर कळलं नाही. छप्पर चढवल्यावर हँडल साठाव्या फेरीला जड झालं. मी जोर लावणार होतो, मामांनी हात धरला. काढून बघितलं तर चकतीची एक कड वितळल्यासारखी चकाकत होती. अर्धा मिमी घासली, मग सुरळीत. स्क्रूला जोर कळत नाही हे निपाणीच्या ताईंनी सांगितलं होतं, ते तेव्हा पटलं.

आता ११३ फेऱ्या, सव्वातीन मिनिटं. धाकटी मोजते.

टिळकवाडीचे काका | २१ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

फार समाधान वाटलं. अर्ज देऊन लेखी घेतलंत हेही चांगलं. एक विचारतो: हँडल बसवलेल्या आडव्या दांड्यावरून उभ्या स्क्रूंकडे फिरकी कशी वळवलीत?

मलप्रभाकाठ | २१ ऑक्टोबर, सकाळी ८:००

काका, जुन्या ग्राइंडरमधल्या बेव्हल गिअरची जोडी भंगारात मिळाली, मामांनी तिला बिडाचं घर करून दिलं. त्यांच्या ओळखीच्या फाउंड्रीत ओतलं. बेळगावात राहण्याचा हा फायदा, एक नग ओतून द्यायलाही कोणी नाही म्हणत नाही.

निपाणीची शिलाई | २१ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

कॅनव्हास भिजवलात का?

मलप्रभाकाठ | २१ ऑक्टोबर, दुपारी १:०५

हो ताई. नवीन तुकडा दोनदा भिजवून वाळवला. मीटरला तीन सेंटीमीटर आटला. थांबा त्यानंतरच वेल्ड केला.

मलप्रभाकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री ८:४०

परवा कणकुंबीला जाऊन आलो. त्याच वाटेने, जांबोटीवरून. पाऊस नव्हता पण रात्री वारा होता. चंदगडीदादा, तिरक्या पट्ट्यांनी काम केलं, आतला कंदील जवळजवळ स्थिर होता. मध्यरात्री उठून चारही कोपऱ्यांना खूण केलेल्या रेघा बॅटरीने बघितल्या. जिथल्या तिथे.

आईने दांडकी आणायला लावली होती. मी म्हटलं आता गरज नाही. ती म्हणाली, "तुझ्या मामांनी दोन नट का घातले मग?" उभी केली.

उद्यमबागचा टर्नर | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१०

बरोबर बोलल्या त्या. स्क्रूला ग्रीस जास्त थापू नका, धूळ धरून घासायचा कागद होतोय त्याचा. पातळ थर, आणि वरून रबरी धोकटी, म्हणजे घड्यांचं आवरण, घाला. पहिला पाऊस पडायच्या आधी मे महिन्यात घेऊन या, चारही नटांची फट मोजून वहीत लिहून ठेवू. आत्ता सगळ्यांची २ आहे.

मलप्रभाकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री ९:२५

आणतो मामा. धोकट्या कुठे मिळतील?

उद्यमबागचा टर्नर | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपच्या येतात त्याच. खडेबाजारात विचारा. भोक २० च्या स्क्रूवर बसेल असं बघून घ्या, आणि ९०० उघडायला एकेका खांबाला तीन-चार जोडाव्या लागतील.